मुलींच्या धाडसाचं कौतुक पुरे

विषय सांगितल्याबरोबर आमच्यातल्याच एकीनं विचारलं, “शिडाच्या जहाजावरून हिंडणारी, देवमासे बघणारी अमेरिकन कॉलेजातली पोरं आणि आपली चळवळ, यांचा काय गं संबंध?” प्रश्न रास्त आहे. हंडाभर पाण्यासाठी मैलभर चालणाऱ्या बाईसमोर स्कूनरच्या गोष्टी काय सांगायच्या? पण मला या प्रश्नात एक जुना वास येतो. बाईच्या बाजूनं बोलायचं ते तिच्या पोटाबद्दल आणि तिच्या अंगावरच्या वळांबद्दल. तिनं होकायंत्र वाचावं, ताऱ्यांवरून आपली जागा शोधून काढावी, हे मात्र चैनीत जमा! कुणी ठरवलं हे?

समुद्र ही सार्वजनिक जागा आहे. पृथ्वीचा सत्तर टक्क्यांहून अधिक पृष्ठभाग पाण्याखाली आहे आणि जगातल्या व्यापारी जहाजांवर काम करणाऱ्यांमध्ये बायकांचं प्रमाण २०२१ च्या जागतिक पाहणीत भरलं १.२८ टक्के. शंभरात सव्वा बाई. रात्रीच्या रस्त्यावर बाईचा हक्क मागणाऱ्या आपण. एवढ्या मोठ्या जागेवरून तिला बाहेर ठेवलं गेलंय, याची दखल घ्यायची की नाही? आणि ही सव्वा बाई शिकते कुठे, शिकून जाते कुठे, हे बघायचं तर सुरुवात शिकाऊ जहाजापासूनच करायला हवी.

स्कूनर म्हणजे दोन किंवा अधिक डोलकाठ्यांचं गलबत. त्याची शिडं जहाजाच्या लांबीच्या दिशेनं ताणलेली असतात, त्यामुळे थोड्या माणसांत ते चालवता येतं. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर, न्यू इंग्लंडमध्ये, या स्कूनरींनी कॉड मासे धरले, माल वाहिला, देवमाशांची शिकारही केली. इंजिनं आली आणि त्यांचं काम संपलं. उरल्या त्यांतल्या काही आता शाळा झाल्या आहेत. विद्यार्थी त्यांवर शिडं चढवायला शिकतात, समुद्राचं पाणी तपासतात, देवमासे बघतात.

त्यांतल्या एकीची कथा सांगण्याजोगी आहे. १८९४ साली मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या एसेक्स गावी एक स्कूनर बांधली गेली. नाव ‘एफी एम. मॉरिसी’. एफी ही तिच्या पहिल्या कप्तानाची मुलगी. पुढे १९२६ पासून जवळजवळ वीस वर्षं बॉब बार्टलेट या नामांकित कप्तानानं हीच स्कूनर उत्तरेकडच्या बर्फाळ समुद्रात मोहिमांवर नेली. मोहिमांचा खर्च निघावा म्हणून तो श्रीमंत घरांतले तरुण मुलगे पैसे घेऊन बरोबर नेई. त्यांनी दोर ओढावेत, थंडी सोसावी आणि ‘माणूस’ होऊन घरी परतावं, अशी ती योजना. माणूस म्हणजे अर्थातच पुरुष. नाव पोरीचं, शिक्षण पोरांचं! १९४८ मध्ये ती केप व्हर्डच्या एका दर्यावर्दी माणसाकडे गेली. त्यानं नाव बदललं आणि ठेवलं ‘अर्नेस्टिना’, पुन्हा आपल्या मुलीचंच. १९६५ पर्यंत तिनं केप व्हर्डमधून अमेरिकेत स्थलांतर करणारी माणसं वाहिली. १९८२ मध्ये केप व्हर्डच्या सरकारनं ती अमेरिकेला भेट दिली. आज ती ‘अर्नेस्टिना-मॉरिसी’ या जोडनावानं मॅसॅच्युसेट्स मेरीटाइम अकॅडमीचं प्रशिक्षण जहाज आहे, आणि मोठ्या दुरुस्तीनंतर २०२२ मध्ये ती परतली तेव्हा तिची कप्तान एक बाई होती.

इंग्रजीत जहाजाला ‘ती’ म्हणतात. आपल्याकडे नौका, होडी, बोट या स्त्रीलिंगी, गलबत आणि तारू नपुंसकलिंगी. व्याकरणानं बाईला कधीच काही दिलेलं नाही, हे आपल्याला ठाऊकच आहे. ‘ती’ लाकडाची असली की तिच्या नावाचा अभिमान, ‘ती’ हाडामांसाची असली की तिचा पाय जहाजाला लागणं अपशकुन. युरोप-अमेरिकेतल्या खलाशांचा हा समज शतकानुशतकं टिकला. आपल्या किनाऱ्यावर तरी काय वेगळं? मासळीचा बाजार कोळणीच्या टोपलीवर उभा, होडी मात्र दादल्याची.

आता प्रत्यक्ष शिक्षणाकडे येऊ. मॅसॅच्युसेट्समध्येच वुड्स होल इथे ‘सी एज्युकेशन असोसिएशन’ नावाची संस्था आहे. १९७१ मध्ये ‘वेस्टवर्ड’ नावाच्या स्कूनरवर तिनं काम सुरू केलं. आता तिची जहाजं वेगळ्या बांधणीची आहेत, पण शिकवण्याची पद्धत तीच. आधी किनाऱ्यावर काही आठवडे वर्ग, मग काही आठवडे समुद्रावर. जहाजावर पाहुणा कुणी नसतो. विद्यार्थ्यांच्या तीन पाळ्या पडतात आणि चोवीस तास कुठली ना कुठली पाळी कामावर असते. रात्री दोन वाजता उठून सुकाणू धरायचं, डोलकाठीवर चढायचं, दर तासाला इंजिनघर आणि जहाजाचा तळ बघून यायचं, सेक्स्टंटनं ताऱ्याची उंची मोजून नकाशावर जहाजाची जागा काढायची. डझनावारी दोर, आणि प्रत्येक दोर कुठला, कशाचा, हे अंधारात हातानं ओळखता आलं पाहिजे. शेवटच्या टप्प्यात शिक्षक एक पाऊल मागे सरतात आणि विद्यार्थीच पाळीपाळीनं जहाज चालवतात.

आणि स्वयंपाकघर! मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती ही गोष्ट. आचाऱ्याच्या हाताखाली कुणी राबायचं, भांडी कुणी घासायची, हे भिंतीवरचा कागद ठरवतो. आज मुलगी डोलकाठीवर असते तेव्हा तिच्या वर्गातला मुलगा खाली बटाटे सोलत असतो. दोघांनाही त्यात काही विशेष वाटत नाही. आपण गेली कित्येक वर्षं शिबिरं घेऊन, पथनाट्यं करून जे सांगतो आहोत ते तिथे एका कागदावर उरकलेलं आहे.

मुलामुलींनी मिळून समुद्रातून काढलेलं ज्ञानही खरंखुरं आहे, हेही सांगितलं पाहिजे. रोज पाण्याच्या पृष्ठभागावरून बारीक जाळं ओढायचं, त्यात काय आलं ते चिमट्यानं वेचून मोजायचं, लिहून ठेवायचं. १९८६ ते २००८ या काळात विद्यार्थ्यांच्या अशा सहा हजारांहून अधिक जाळ्यांतून प्लॅस्टिकचे चौसष्ट हजारांवर तुकडे मिळाले. त्या नोंदींवरून कारा लॅव्हेंडर लॉ या संशोधिकेनं आणि तिच्या सहकाऱ्यांनी उत्तर अटलांटिकमध्ये प्लॅस्टिक कुठे साचतं हे दाखवून दिलं. २०१० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात ते छापून आलं. निवडणं, टिपणं, मोजणं, पुन्हा निवडणं. तांदूळ निवडत बसलेल्या बाईला हे काम नवीन नाही. फक्त तिच्या निवडण्याला कुणी संशोधन म्हटलं नाही.

अशा शिक्षणाची तारीफ करणारे नेहमी म्हणतात, समुद्रापुढे सगळे सारखे. लाट मुलगा-मुलगी बघत नाही. ऐकायला छान वाटतं. पण लाट १९२६ मध्येही मुलगा-मुलगी बघत नव्हती! तरी त्या स्कूनरवर मुलगेच होते. समुद्रानं कुणाला समानता दिलेली नाही. १९७२ मध्ये अमेरिकेत सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना लिंगभेद करायला बंदी करणारा कायदा झाला. तो बायकांनी झगडून मिळवला. व्यापारी जहाजांचे अधिकारी तयार करणारी किंग्ज पॉइंटची सरकारी अकादमी मुलींना उघडली १९७४ मध्ये, तटरक्षक दलाची १९७६ मध्ये. त्यानंतर कुठे ही डोलकाठीवरची मुलगी दिसायला लागली. म्हणजे भिंतीवरचा तो कागदही लाटेनं आणून चिकटवलेला नाही. तो लिहिला गेला आणि पाळला जातो, म्हणून डेकवर समता आहे. जिथे तसा कागद नाही तिथे समुद्र तोच असूनही समता नाही. त्याकडे येतेच. आधी देवमासे.

केप ॲन आणि केप कॉड या दोन टोकांच्या मधे, समुद्राच्या पोटात, स्टेलवॅगन बँक नावाचं उथळ पठार आहे. १९९२ पासून ते संरक्षित आहे. तिथे लहान माशांचे थवे असतात आणि त्यांच्यामागे उन्हाळ्यात हंपबॅक जातीचे देवमासे येतात. पाण्याखाली गोल फिरत बुडबुड्यांचं जाळं विणतात, मासे आत कोंडतात आणि तोंड उघडून वर येतात. शिकाऊ जहाजावरचे विद्यार्थी इथे बघायला आणि नोंदी घ्यायला शिकतात. प्रत्येक हंपबॅकच्या शेपटीखालची काळी-पांढरी नक्षी वेगळी असते, त्यामुळे फोटोवरून जनावर ओळखता येतं. त्यांना नावंही देतात. नाव देताना पाळायचा एक नियम मला फार आवडला. नाव नराचं किंवा मादीचं वाटेल असं नको, कारण लांबून बघून ते कळत नाही. नक्षी कशी दिसते, खूण कसली आहे, त्यावरून नाव ठेवायचं. जन्मल्याक्षणी पोरीच्या कपाळावर तिचं सगळं आयुष्य लिहून मोकळ्या होणाऱ्या आपल्या समाजानं यातून काही शिकावं!

या किनाऱ्यावर सगळ्यात प्रसिद्ध आहे ‘सॉल्ट’. पाठीवरच्या पराला मीठ फासल्यासारखी पांढरी खूण, म्हणून मीठ. १९७० च्या दशकापासून तिला लोक ओळखतात. १९८० मध्ये ती पिल्लू घेऊन आली. त्यानंतर तिला डझनाहून अधिक पिल्लं झाली, नातवंडं झाली. हंपबॅकची मादी साधारण वर्षभर पोटात पिल्लू वाढवते, हिवाळ्यात दक्षिणेच्या उबदार पाण्यात विते, तिथे स्वतः जवळजवळ उपाशी राहून त्याला दूध पाजते आणि मग त्याला घेऊन हजारो मैल उत्तरेला येते. नर या कामात कुठेच नसतो. सॉल्ट दिसली की बोटीवरची माणसं टाळ्या वाजवतात. बायका डोळे पुसतात, पुरुष कॅमेरे सरसावतात. ‘बघा, एकटी आई!’

मलाही ते दृश्य आवडेलच. पण टाळ्या वाजवणाऱ्यांना एक विचारावंसं वाटतं. पाण्यातल्या आईला एवढा मान आणि त्याच जहाजाच्या डेकवर आईला जागा आहे का? लहान मूल असलेल्या बाईला जहाजावर घ्यायला किती कप्तान, किती कंपन्या तयार आहेत? ‘आज ना उद्या लग्न करशील, मूल होईल, मग कशाला समुद्र?’ हे वाक्य दर्यावर जाऊ बघणाऱ्या मुलीला सुनावलं जातंच. मातृत्वाचा उदो उदो करायचा आणि आईला कामावरून काढायचं, ही रीत आपल्या गिरण्या-कारखान्यांत, ऑफिसात आपण पाहिली आहे. इथे ती फक्त खाऱ्या पाण्यावर आहे.

देवमासा आणि बाई यांचा याआधीचा संबंध तर याहून कडू. याच न्यू इंग्लंडच्या न्यू बेडफर्ड बंदरातून एकोणिसाव्या शतकात शेकडो जहाजं देवमाशांच्या शिकारीला जात. आधी तेलासाठी. पुढे खनिज तेल निघालं, दिव्याला देवमाशाची गरज उरली नाही, तरी शिकार थांबली नाही. कारण काही देवमाशांच्या तोंडात दातांऐवजी गाळणीसारख्या लवचीक पट्ट्या असतात, त्यांना भाव आला. त्या पट्ट्या जात कॉर्सेटमध्ये. बाईची कंबर आवळून तिला श्वास घेणं मुश्कील करणाऱ्या त्या पोशाखाचा सांगाडा म्हणजे देवमाशाच्या तोंडातली गाळणी! एका प्राण्याचं अन्न गाळायचं साधन काढून दुसऱ्या प्राण्याच्या बरगड्यांभोवती आवळायचं. नफा जहाजमालकाचा, आणि पुढे दोष कुणाला? बायकांच्या नटण्यामुरडण्याच्या हौसेला! त्या शिकारी ताफ्यातलं ‘चार्ल्स डब्ल्यू. मॉर्गन’ हे १८४१ सालचं जहाज अजून आहे. २०१४ मध्ये ते मुद्दाम स्टेलवॅगन बँकेवर नेलं, या वेळी भाल्यांशिवाय, नुसतं देवमासे बघायला. चांगलं केलं. कॉर्सेटमधल्या बायकांची आठवण मात्र अशा सोहळ्यांत कोण काढतं?

आणखी एका देवमाशाबद्दल सांगायलाच हवं, कारण माझं सगळं म्हणणं त्याच्यापाशी येऊन ठेपतं. उत्तर अटलांटिकचा ‘राइट व्हेल’. हे नावच शिकाऱ्यांनी दिलेलं आहे. मारायला सोपा, मेला तरी तरंगतो, म्हणून ‘योग्य’. आज ते चारशेहूनही कमी उरले आहेत आणि पिल्लं होऊ शकतील अशा माद्या सत्तरच्या आसपास. पूर्वी मादी तीनएक वर्षांनी वीत असे. अलीकडे हे अंतर सात ते दहा वर्षांवर गेलं आहे. का? शास्त्रज्ञांनी मादीत खोट काढली नाही. तिची ‘आई होण्याची हिंमत’ कमी झाली, असं कुणी लिहिलं नाही. त्यांनी तिच्या अंगावरचे व्रण बघितले आणि दोर शोधले. लॉब्स्टर आणि खेकडे धरायच्या पिंजऱ्यांचे दोर तिच्या शेपटीला, तोंडाला अडकतात. ते ओढत फिरताना तिची चरबी झडते आणि चरबी नसली तर पिल्लू राहत नाही. दुसरा धोका जहाजांच्या धडकेचा. म्हणून २००८ पासून पासष्ट फूट आणि त्याहून मोठ्या जहाजांना ठरावीक भागात, ठरावीक काळात वेगमर्यादा आहे. लहान जहाजांनाही ती लावायचा प्रस्ताव २०२२ मध्ये आला, जानेवारी २०२५ मध्ये मागे घेतला गेला. म्हणजे दोर आणि धडक दिसूनही राजकारण व्हायचं ते होतंच. पण निदान प्रश्न कुठे आहे, याबद्दल शास्त्रात गोंधळ नाही.

मुलगी जहाजावर टिकत नाही तेव्हा मात्र हा सरळ विचार कुठे जातो? तेव्हा तिच्यातच खोट. तिला धाडस कमी. तिला घरची ओढ. तिचं शरीर नाजूक. मग तिचं ‘मनोबल वाढवायला’ शिबिरं, स्कूनरच्या सफरी, भाषणं. दोर कुणी शोधत नाही.

धाडस कमी? मेरी पॅटनची हकिगत ऐका. १८५६ च्या जुलैत ‘नेपच्यून्स कार’ हे शिडाचं मोठं जहाज न्यूयॉर्कहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालं. कप्तान जोशुआ पॅटन, बरोबर त्याची एकोणीस वर्षांची बायको मेरी. आधीच्या प्रवासात वेळ जावा म्हणून ती नौकानयनाचं गणित शिकली होती. एका अर्थी जहाजावरची विद्यार्थिनीच, फक्त तिला कुणी प्रमाणपत्र दिलं नव्हतं. दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, केप हॉर्नच्या वादळात, नवरा क्षयानं अंथरुणाला खिळला. पहिल्या अधिकाऱ्याला कामचुकारपणाबद्दल आधीच कोंडून ठेवलेलं. दुसऱ्याला जहाजाची जागा काढता येत नव्हती. मेरीनं जहाज हातात घेतलं. पहिल्या अधिकाऱ्यानं कोठडीतून चिठ्ठी पाठवून ताबा मागितला, तो तिनं दिला नाही. नवऱ्याची शुश्रूषा आणि जहाज, दोन्ही करत १५ नोव्हेंबरला तिनं ते सॅन फ्रान्सिस्कोला लावलं. ती त्या वेळी गरोदर होती. विमा कंपनीनं तिला हजार डॉलर दिले. तिनं उत्तरात लिहिलं ते असं की, आपण पत्नीचं साधं कर्तव्य केलं. दुसरं काय लिहिणार होती? ‘मी जहाज चालवलं’ असं म्हणायला जागाच नव्हती. नवरा पुढच्या वर्षी गेला. तीही क्षयानंच १८६१ मध्ये गेली. वय तेवीस.

किंग्ज पॉइंटच्या अकादमीतल्या दवाखान्याला तिचं नाव दिलेलं आहे. तीच अकादमी, जिनं मुलींना घेतलं ते मेरीच्या प्रवासानंतर ११८ वर्षांनी. आणि २०२१ मध्ये याच अकादमीतल्या एका विद्यार्थिनीनं नाव न देता लिहिलं की, २०१९ मध्ये शिक्षणाचा भाग म्हणून तिला व्यापारी जहाजावर पाठवलं होतं, तिथे ती एकटीच मुलगी होती आणि साठी ओलांडलेल्या एका वरिष्ठ अधिकाऱ्यानं तिच्यावर बलात्कार केला. अमेरिकेत खळबळ माजली. विद्यार्थ्यांना जहाजावर पाठवणं त्या नोव्हेंबरमध्ये थांबवलं गेलं आणि महिनाभरानं नवे नियम करून पुन्हा सुरू झालं. पण खळबळ कशाची? लैंगिक छळामुळेच २०१६ मध्येही ते एकदा थांबवलेलं होतं! ज्या तटरक्षक दलाकडे जहाजावरच्या गुन्ह्यांची तक्रार जायची, त्याच्याच अकादमीतल्या १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून २००६ पर्यंतच्या लैंगिक अत्याचारांची चौकशी झाली होती आणि तिचा अहवाल दाबून ठेवला होता, हे २०२३ मध्ये बाहेर आलं. आणि याच तटरक्षक दलाकडे शिडाचं देखणं प्रशिक्षण जहाज आहे, ‘ईगल’. त्याच्या पांढऱ्या शिडांचे फोटो बघून कित्येक मुलींनी अर्ज भरला असेल.

हे आहेत दोर. ते धाडसानं तुटत नाहीत. मालवाहू जहाज म्हणजे वीस-बावीस माणसं, चार-सहा महिने, चहूकडे पाणी. ज्याची तक्रार करायची तोच पाळी लावणार, तोच शेरा लिहिणार, त्याच्याच सहीवर पुढची परीक्षा. खोलीला कुलूप आहे, पण जहाजातल्या सगळ्या कुलपांना लागणारी किल्ली त्याच्याकडे. घरी फोन करायचा तर तोही त्याच्या परवानगीनं. खेड्यातल्या एकट्या शिक्षिकेची, शेतमळ्यावरच्या मजूर बाईची कोंडी आपण ओळखतो. इथे तर रात्री उठून पळून जायला रस्ताही नाही.

डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत ‘सेफर सीज’ कायदा झाला. त्यात काय आहे बघा. सगळी कुलपं उघडणाऱ्या किल्ल्यांवर नियंत्रण हवं, ती कुणी कधी घेतली याची नोंद हवी. खोल्यांबाहेरच्या बोळांत कॅमेरे हवेत. छळाची माहिती कंपनीनं कळवलीच पाहिजे. यात एक शब्दही धाडसाचा नाही, आणि म्हणूनच मला हा कायदा आवडला. १ जानेवारी २०२६ पासून जगभरच्या खलाशांच्या प्राथमिक प्रशिक्षणात लैंगिक छळ रोखण्याचा भाग सक्तीचा झाला आहे. उशिरा का होईना, प्रश्न मुलीच्या छातीतून निघून जहाजाच्या नियमावलीत आला.

स्कूनरवरच्या शिक्षणाचे काही समर्थक यावर म्हणतील, ‘आमच्याकडे असं काही होत नाही.’ कदाचित नसेलही. पण मुलींच्या मनात समुद्राची ओढ पेरता ना तुम्ही? मग पुढचं जहाज कसं आहे, तेही सांगा. शिडं कशी चढवायची हे शिकवता तसं तक्रार कुणाकडे, किती वेळात, कप्तानाला वगळून कशी करायची, हेही त्याच वर्गात शिकवा. वर्गाचा प्रश्न आहेच. एका सत्राची फी भल्याभल्यांना परवडत नाही. केप व्हर्डहून ‘अर्नेस्टिना’वर दाटीवाटीनं आलेल्या बायकांच्या नातींना अशा सफरी परवडतात का, हेही विचारलं पाहिजे. पण फी जास्त आहे म्हणून तो प्रश्न बायकांचा नाही, हे मला मान्य नाही. शाळेची फीही जास्त असते. म्हणून आपण मुलींना शाळा नको म्हणत नाही, फी कमी करा म्हणतो.

आणि हे सगळं तिकडचं, असंही समजू नका. गोव्याच्या दिवाडी बेटावर बांधलेल्या ‘तारिणी’ या शिडाच्या नौकेतून नौदलातल्या सहाजणी सप्टेंबर २०१७ मध्ये गोव्याहून निघाल्या आणि केप हॉर्नला वळसा घालून, जगप्रदक्षिणा करून मे २०१८ मध्ये परतल्या. केवढं कौतुक झालं! ‘नारीशक्ती’, ‘देशाच्या लेकी’. त्या वेळी नौदलातल्या बायका काय करत होत्या ठाऊक आहे? कायमस्वरूपी नेमणुकीसाठी कोर्टात भांडत होत्या. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला १७ मार्च २०२० ला. सरकारनं तिथे मांडलेल्या मुद्द्यांतला एक असा की, रशियन बनावटीच्या काही जहाजांवर बायकांसाठी न्हाणीघरं नाहीत. सहाजणी छोट्याशा नौकेत बसून पृथ्वीला वळसा घालून आल्या आणि देशाला त्यांच्यासाठी न्हाणीघर बांधता येईना! आता तरी पटतं का, धाडस कुणाचं कमी पडत होतं ते?

मुंबईत जहाजवाहतुकीच्या महासंचालकांचं कार्यालय आहे. नवी मुंबईत, पुण्याजवळ तळेगावला जहाजी शिक्षणाच्या संस्था आहेत. तिथे मुली शिकतात आणि तिथूनच जगभरच्या जहाजांवर जातात. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानं प्रत्येक कामाच्या ठिकाणी समिती सांगितली आहे, पण समिती किनाऱ्यावरच्या ऑफिसात आणि मुलगी चार हजार मैलांवर, अशी स्थिती. आपल्या संघटनांनी या संस्थांकडे जावं आणि विचारावं: एका जहाजावर एकटी मुलगी पाठवता की निदान दोघी? तिच्या खोलीची दुसरी किल्ली कुणाकडे असते आणि त्याची नोंद होते का? कप्तानाला न विचारता किनाऱ्यावर फोन करायची सोय आहे का, आणि तो फोन रात्री कोण उचलतं? तक्रार केल्यावर जहाजावरून कुणाला उतरवता, त्याला की तिला? गेल्या पाच वर्षांत किती तक्रारी आल्या? ‘एकही नाही’ असं उत्तर मिळालं तर वही मिटू नका. शिकून गेलेल्या मुलींचे पत्ते मागा आणि त्यांना पत्रं लिहा.